हेमू अधिकारी : कवायतीतला कर्नल

हेमचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी यांचा जन्म 31 जुलै 1919 रोजी पुण्याचा. प्रथम श्रेणीत त्यांचे पदार्पण गुजरातकडून झाले, नाव झाले ते बडोद्याकडून. पण ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने गिळली. कसोटीची टोपी 1947 साली, ऑस्ट्रेलियात मिळाली. पुढेही लष्करी नोकरीमुळे संघातले स्थान अखंड राहिले नाही. 21 कसोटींत 872 धावा आणि एकच शतक, एवढीच त्यांची आकडेवारी. ती पाहून त्यांना दुय्यम ठरवणाऱ्याने 1952 ची दिल्ली कसोटी आठवावी. पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमद यांच्यासह अखेरच्या जोडीने 109 धावा जोडल्या. अधिकारी 81 वर नाबाद राहिले.

1958-59 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या एकाच मालिकेत भारताने चार कर्णधार पाहिले. चौथे अधिकारी, वय 39. दिल्लीत त्यांनी 63 आणि 40 धावा केल्या, तीन बळी घेतले, सामना अनिर्णित राखला. आणि कसोटी कारकीर्द तिथेच संपली.

स्वतः अव्वल क्षेत्ररक्षक असलेल्या या लेफ्टनंट कर्नलचा खरा वारसा मात्र पुढचा. 1971 च्या इंग्लंड दौऱ्यावर ते व्यवस्थापक होते आणि क्षेत्ररक्षणाची कवायत त्यांनी लष्करी शिस्तीने घेतली. ओव्हलवर चंद्रशेखर यांनी 38 धावांत सहा बळी घेतले, त्यामागे सोलकरसारख्यांचे बॅटला चिकटलेले हात होते. इंग्लंड 101 धावांत गारद झाले आणि वाडेकरांच्या संघाने तिथली पहिली मालिका जिंकली. तीनच वर्षांनी, 1974 मध्ये, व्यवस्थापक तेच असताना भारत लॉर्ड्सवर 42 धावांत कोसळला. शिस्त तीच होती, निकाल उलटा लागला. तरुणांना घडवण्याचे काम त्यांनी त्यानंतरही सोडले नाही. 25 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.