गणितानंद कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असतानाच ते मातृसुखास मुकले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांच्या सहवासात मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत असताना गणिताची कोडी सोडविण्यात तो रंगून जाई. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता, १९२७ साली, त्यांना गणितातील रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० साली ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन केले.

मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना काही विलक्षण संख्यांची कल्पना सुचली. म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१ आणि १११ चा वर्ग १२३२१ होतो. ओळीने नऊ एक मांडून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती उजवीकडून वाचली काय किंवा डावीकडून वाचली काय, सारखीच! तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग, होते.

हा चमत्कार नव्हे. गुणाकार करताना नऊ एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकवून एकाखाली एक मांडाव्या लागतात. त्यामुळे कडेच्या घरात एकच एक येतो, त्याच्या शेजारी दोन, आणि अगदी मधल्या घरात नऊ. कोठेही हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून सर्व ८१ एक त्या संख्येत जसेच्या तसे राहतात. दहा एक घेतले, की मधल्या घरात हातचा येतो आणि ही सुंदर रचना मोडते.

१९३८ साली कापरेकरांनी या संख्यांवर लेख प्रसिद्ध केला. परंतु अनेक विद्वानांना हे संशोधन क्षुल्लक वाटले. काहींनी ते हसण्यावारी नेले. कापरेकर खचले नाहीत. शाळेचे काम सांभाळून ते संख्यांचा शोध घेत राहिले आणि पदरमोड करून गणित परिषदांना जात राहिले. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करीत गेल्यास, फार तर सात वजाबाक्यांत, ६१७४ हेच उत्तर येते.

१९७५ साली अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी एका विज्ञान मासिकात या कार्याची ओळख करून दिली, तेव्हा देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. मान मिळण्यापूर्वीची कित्येक वर्षे त्यांनी केवळ गणिताच्या आनंदावर काढली होती.