सर वॉल्टर इलियट व काळ्या रानांतील उंदीर

भूगोलाच्या पुस्तकांत बीव्हर या प्राण्याचें चित्र पाहून मुलांना मोठें नवल वाटतें. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांतील हा प्राणी उंदराचा दूरचा भाऊबंद होय. परंतु त्याच्या मागच्या पायांच्या बोटांना पडदे असतात, शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, आणि ओढ्यावर काटक्या व चिखल रचून बांध घालण्याची विद्या त्याला जन्मतःच अवगत असते. बांधामागें तुंबलेल्या पाण्यांत तो घर करितो व घराचें दार पाण्याखालीं ठेवितो. असा कारागीर आपल्या वऱ्हाडांत नाहीं, म्हणून खंत करण्याचें मात्र कारण नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या रानांत जे उंदीर राहतात, त्यांचेंही जगणें-मरणें पाण्याच्याच हातीं असतें. अशाच काळ्या जमिनींत, सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं, ही गोष्ट ज्यांनीं डोळसपणें पाहून लिहून ठेविली, त्या सर वॉल्टर इलियट यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.

इलियट साहेबांचा जन्म 16 जानेवारी 1803 रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. हेलिबरी येथें कंपनीच्या नोकरीचें शिक्षण घेऊन ते 1821 सालीं मद्रासेस उतरले. तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. पुढें लवकरच त्यांची नेमणूक धारवाड येथें झाली. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनीच्या ताब्यांत आलेला हा मुलूख त्या काळीं दक्षिण मराठा प्रांत या नांवानें ओळखला जात असे. मराठी व कानडी या दोन्ही भाषा तेथें बोलल्या जात, व जमीन बव्हंशीं आपल्याकडच्यासारखीच काळी.

1824 सालीं कित्तूरचे देसाई वारले. त्यांच्या मागें घेतलेला दत्तक मान्य करण्यास धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांनीं नकार दिला आणि राणी चन्नम्मा लढावयास उभी राहिली. राणीची बाजू न्यायाची नव्हती असें आज कोणीही म्हणणार नाहीं. 23 ऑक्टोबर रोजीं किल्ल्यापुढें झालेल्या लढाईंत थॅकरे मारले गेले आणि त्यांचे दोन तरुण सहायक कित्तूरकरांच्या हातीं सांपडले. एक स्टीव्हन्सन व दुसरे इलियट. सुमारें सहा आठवडे हे दोघे कैदेंत होते, आणि त्यांतील बराच काळ आपला प्राण वांचतो कीं जातो याची त्यांना शाश्वती नव्हती. अखेर डिसेंबरांत त्यांची सुटका झाली. राणी मात्र कैदेंत पडली व 1829 सालीं बंदिवासांतच मरण पावली. एकविसाव्या वर्षीं असा प्रसंग ओढवला असतां एखाद्यानें त्या मुलखाकडे पाठ फिरविली असती. इलियट साहेब 1833 पर्यंत तेथेंच राहिले. कचेरीचें काम आटोपल्यावर ते जुने शिलालेख उतरवून घेत. असे पांचशेंहून अधिक लेख त्यांनीं जमविले. आणि शिलालेखांतून मान वर काढली कीं ते शेतांतील बिळांकडे वळत.

या कामीं त्यांचे गुरु कोण होते? कोणी पदवीधर पंडित नव्हते. माती खणणारे वडार व शेतांत राबणारे कुणबी हेच त्यांचे गुरु. उंदरांच्या जाती वेगळ्या ओळखाव्या कशा, कोणाचें बीळ कोठें असतें, कोण काय सांठवितो, हें सारें या लोकांच्या बोटांवर असे. साहेबांनीं तें ऐकून घेतलें, स्वतः पाहून ताडून घेतलें, व त्या उंदरांचीं नांवेंही लोकांच्या तोंडीं होतीं तींच ठेविलीं.

झुडपांत गवताच्या काड्यांचें गोल घरटें विणणारा तो गुलांडी. शेतांत खोल बिळें खणून धान्याचीं कोठारें भरणारा तो कोक. हा अंगानें स्थूल व स्वभावानें तापट असून बिळाचें तोंड मातीनें बुजवून आंत बसतो. त्याचीं कोठारें खणून त्यांतील धान्यावर वडार लोक आपला निर्वाह करीत. कोक उत्तम पोहतो, हें आतां चांगलें माहीत झालें आहे. बंगाल्यांतील खोल पाण्याच्या भातशेतांत तो पुरांतून पोहत जाऊन उभ्या भाताच्या काड्या तोडतो. आपल्या घरादाराभोंवतीं उपद्रव देणारी मोठी घूस ही त्याचीच नातलग. तिलाही पोहतां येतें, एवढेंच नव्हे तर बुडीही मारतां येते. तेव्हां बीव्हरइतके नसले तरी हे दोघे पाण्याला अगदींच परके नाहींत.

तिसरा मेत्ताड, अंगावर मऊ लव असलेला. इलियट साहेबांच्या निरीक्षणांत खरें मोल याच्याच हकीकतीला आहे. मेत्ताड कोकासारखें खोल बीळ खणीत नाहीं. झुडपाच्या मुळाशीं उथळसें भोंक पाडावें, दगडांच्या ढिगांत दडावें, कोकानें सोडलेल्या बिळांत शिरावें, नाहीं तर उन्हाळ्यांत काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांतच संसार थाटावा, असा त्याचा आळशी रिवाज. काळी जमीन कशी असते हें वऱ्हाडांतील वाचकांस सांगावयास नको. वैशाखांत तिच्या भेगांत हात खांद्यापर्यंत जातो, आणि मृगाचा पाऊस पडला कीं माती फुगून त्याच भेगा मिटतात. भेगा मिटल्या कीं आंतील मेत्ताड चिरडून वा गुदमरून मरतात. याप्रमाणें दरसाल पहिला पाऊसच त्यांची संख्या आटोक्यांत ठेवितो.

1826 सालीं हा पहिला पाऊस पुरेसा पडला नाहीं. भेगा उघड्याच राहिल्या, आणि मेत्ताड बेसुमार वाढले. पेरलेलें बीं त्यांनीं उकरून खाल्लें. जें उगवलें त्यावर, कणसें भरतांच, ते ज्वारीच्या ताटांवर चढले व कणसें तोडून खालीं पाडूं लागले. शेतेंच्या शेतें फस्त झाल्याचें साहेबांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. शेतकऱ्यांस सारा भरणें अशक्य झालें. गांवकऱ्यांनीं वडारांना लाविलें, मारलेल्या उंदरांच्या डझनांवर धान्याचें माप ठरविलें. हजारों उंदीर मारले गेले, तरी संख्या घटल्याचें दिसेना. जें काम एक पाऊस मुकाट्यानें करितो तें शेंकडों कुदळींना साधलें नाहीं. सारा वसूल करणें हेंच ज्यांचें काम, अशा अधिकाऱ्यानें रयतेचा सारा का थकला याचें कारण जमिनीच्या भेगेंत शोधावें, ही गोष्ट मला विशेष वाटते.

ही सर्व माहिती त्यांनीं 1839 सालीं मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेंत दक्षिण मराठा प्रांतांतील सस्तन प्राण्यांच्या यादीबरोबर प्रसिद्ध केली.

पुढील आयुष्य त्यांनीं मद्रास इलाख्यांत काढिलें. 1845 सालीं आंध्रांतील अमरावती येथील बौद्ध स्तूपाचें त्यांनीं उत्खनन केलें. तेथील शिल्पें आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. (ही अमरावती कृष्णातीरची, आपली नव्हे. परीक्षेंत घोटाळा होऊं देऊं नये.) 1854 पासून ते मद्रासच्या कौन्सिलचे सभासद होते. देशी शिक्षणाचे व मिशनकार्याचे ते सातत्यानें पाठीराखे राहिले. डार्विन यांना कबुतरांच्या जातींचा अभ्यास करावयाचा होता, तेव्हां हिंदुस्थानांतून कबुतरांचीं कातडीं त्यांना इलियट साहेबांनींच पाठविलीं.

1860 सालीं ते मायदेशीं परतले. म्हातारपणीं दृष्टि गेली. परंतु दक्षिणेंतील जुन्या नाण्यांवरील आपला ग्रंथ त्यांनीं तशाही स्थितींत, दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं पाहून, पुरा केला. 1 मार्च 1887 रोजीं सकाळीं तमिळ भाषेचे जाणते मिशनरी डॉ. पोप यांस त्यांनीं एक पत्र सांगून लिहविलें, व त्यावर स्वहस्तें सही केली. त्यांत तिरुक्कुरळाच्या आवृत्तीविषयीं विचारणा होती. त्याच दिवशीं दुपारनंतर ते शांतपणें निवर्तले.

त्यांच्या उंदरांचीं शास्त्रीय नांवें 1837 सालींच ब्रिटिश म्युझियमच्या ग्रे साहेबांनीं ठेविलीं होतीं. गुलांडीचें झालें गोलुंडा इलियटी. मेत्ताडाचें, वाचण्यांतल्या कांहीं गफलतीनें असेल, मेल्टाडा झालें. वडारांच्या तोंडचा तो शब्द अजून तसाच, एका अक्षरानें बिघडलेला, जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत छापला जातो.