फ्रान्सिस पर्किन्स : कामगारांच्या मंत्रीबाई

तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर घरातल्या मोठ्यांची पगाराची स्लिप एकदा बघा. त्यात थोडे पैसे 'सोशल सिक्युरिटी'साठी कापलेले दिसतील. पुष्कळ जणांचा कामाचा आठवडा ४० तासांचा असतो. त्याहून जास्त काम केलं, तर अनेकांना जादा तासांचे दीडपट पैसे मिळतात. हे सगळं पहिल्यापासूनच असेल, असं तुम्हाला वाटेल. पण तसं नव्हतं. देश फार मोठ्या संकटात असताना या गोष्टी आल्या, आणि त्या आणण्यात एका बाईंचा मोठा वाटा होता. त्यांचं नाव फ्रान्सिस पर्किन्स.

लहानपण आणि शिक्षण

फ्रान्सिसचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बॉस्टनमध्ये झाला. तिचं मूळ नाव फॅनी. ती वुस्टर गावात वाढली. वडिलांचा वह्या-कागद विकण्याचा धंदा होता, त्यामुळे घरची स्थिती बरी होती.

माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात तिने विज्ञान घेतलं. पण तिच्या मनावर ठसा उमटला तो दुसऱ्याच एका विषयाचा. आर्थिक इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी मुलींना जवळच्या गिरण्या बघायला पाठवलं. तिथे बायका आणि मुलं दिवसभर राबत होती. कुणाचा हात यंत्रात सापडला, तर त्याचा पगार बंद होई आणि घरची चूलही बंद पडे. गरीब लोक आळशी असतात म्हणून ते गरीब राहतात, असं त्या काळी पुष्कळांना वाटे. फ्रान्सिसला तिथे वेगळंच दिसलं. माणूस कितीही कष्टाळू असला, तरी एका अपघाताने त्याचं घर उघड्यावर येऊ शकतं.

१९०२ साली ती पदवीधर झाली. पुढे शिकागोजवळ तिने शिक्षिकेची नोकरी केली. सुट्टीच्या वेळी ती शिकागोच्या 'हल हाउस' या संस्थेत जाई. परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांना तिथे मदत मिळे. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून तिने एम. ए. केलं आणि कामगारांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेत ती रुजू झाली. तळघरातल्या कोंदट बेकऱ्या तपासणं हेही तिच्या कामात होतं.

२५ मार्च १९११

हा दिवस नीट लक्षात ठेवा. शनिवारची दुपार होती. फ्रान्सिस न्यूयॉर्कमध्ये एका मैत्रिणीकडे चहाला गेली होती. अचानक आगीच्या बंबांच्या घंटा ऐकू आल्या. ती धावत बाहेर आली.

जवळच्या दहा मजली इमारतीत वरचे तीन मजले 'ट्रँगल' नावाच्या कपड्यांच्या कारखान्याचे होते. तिथे आग लागली होती. बाहेर पडायच्या एका दाराला कुलूप होतं. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. आगीपासून वाचण्यासाठी काही मुलींनी खिडकीतून उड्या मारल्या. फ्रान्सिसने ते डोळ्यांनी बघितलं. त्या दिवशी १४६ माणसं गेली. त्यांतल्या बहुतेक तरुण मुली होत्या, परदेशातून पोटासाठी आलेल्या.

दार उघडं असतं, तर कितीतरी जीव वाचले असते. म्हणजे आग हा अपघात असेल, पण कुलूप हा अपघात नव्हता. कुणीतरी ते लावलं होतं, आणि मुलींना त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

यानंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांची चौकशी सुरू केली. फ्रान्सिस त्या कामात होती. तिने आमदारांना नुसते कागद दाखवले नाहीत, त्यांना कारखान्यांत नेलं. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट म्हणून एका ठिकाणी भिंतीत लहानसं भोक होतं. तिने रॉबर्ट वॅग्नर या पुढाऱ्याला त्या भोकातून सरपटत जायला लावलं. पलीकडे होती बर्फाने झाकलेली शिडी! त्यानंतर राज्यात नवे कायदे झाले. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवणं आणि आगीच्या वेळी काय करायचं याचा सराव घेणं सक्तीचं झालं.

महामंदी येते

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३ पर्यंत दर चार कामगारांपैकी एकाला काम नव्हतं. जवळजवळ १ कोटी ३० लाख माणसं बेकार होती. ज्यांचं हातावर पोट, त्यांनी जेवणासाठी रांगा लावल्या.

आपल्याकडे एक म्हण आहे : अडला हरी, गाढवाचे पाय धरी. माणूस अडचणीत सापडला की त्याला नको तेही करावं लागतं. तसंच झालं. काम मिळेना, म्हणून लोक मिळेल त्या पैशांत, कितीही तास राबायला तयार झाले. एकाने नाही म्हटलं, की दारात दहा जण उभे असत.

तेव्हा पुष्कळ लोक म्हणत, की आधी धंदे सुधारू द्या, कामगारांच्या पगाराचं आणि तासांचं मग बघू. पर्किन्सबाईंना हे पटत नव्हतं. का, ते आपण एका उदाहरणातून बघू या. समजा, शर्ट शिवणाऱ्या मुलीचा पगार निम्मा झाला. आता ती नवे बूट घेणार नाही. बूट खपले नाहीत, की बुटांच्या कारखान्यातली माणसं घरी बसणार. मग शर्ट कोण घेणार? म्हणजे पगार कापून मंदी जात नाही, उलट वाढते. म्हणून कामाला योग्य मोल मिळणं हाच संकटातून वर येण्याचा एक रस्ता आहे, असं त्यांचं मत होतं.

मंत्रीबाई

फ्रँकलिन रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना पर्किन्सबाई राज्याच्या कामगार खात्याच्या प्रमुख होत्या. १९३३ साली रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी बाईंना कामगार मंत्री व्हायला सांगितलं. अमेरिकेत तोवर एकही बाई मंत्री झाली नव्हती. घरची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. नवरा मानसिक आजाराने त्रस्त होता, मुलगी शाळकरी होती, आणि घर बाईंच्या कमाईवर चालत होतं.

त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी आपल्या कामांची यादी रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवली : बेकारांना मदत, सरकारी बांधकामांतून रोजगार, किमान वेतन, कामाचे तास कमी, बालमजुरीला बंदी, म्हातारपणी पेन्शन, नोकरी गेली तर भत्ता. हे करायचं असेल तरच मी येते, अशी त्यांची अट होती. रूझवेल्ट यांनी ती मान्य केली. बाई पुढे १२ वर्षं मंत्री होत्या.

पहिलं काम तातडीचं होतं. बेकार तरुणांना जंगलांत आणि उद्यानांत काम देणारी योजना १९३३ मध्येच सुरू झाली. तरुणांची भरती बाईंच्या खात्याकडे होती. महिन्याला ३० डॉलर मिळत. त्यांतले २५ डॉलर थेट घरी जात. राहणं, जेवण, कपडे सरकारचे. नऊ वर्षांत या तरुणांनी सुमारे ३०० कोटी झाडं लावली.

दुसरं काम कायमचं होतं. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. तो तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष पर्किन्सबाईच होत्या. कामगार आणि मालक दोघांनी थोडेथोडे पैसे भरायचे, आणि म्हातारपणी कामगाराला दरमहा रक्कम मिळायची. नोकरी गेली तर काही काळ भत्ता मिळायची सोयही याच कायद्याने झाली.

मग १९३८ चा कायदा आला. तासाला निदान २५ सेंट पगार ठरला. कामाचा आठवडा आधी ४४ तासांचा आणि दोन वर्षांनी ४० तासांचा झाला. जादा तासांना दीडपट पैसे द्यायचे, असंही ठरलं. यामागची युक्ती बघा. एकाकडून ६० तास काम करून घेणं मालकाला महाग पडू लागलं. त्यापेक्षा आणखी एक माणूस ठेवणं बरं! कारखान्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायलाही बंदी आली.

जे राहून गेलं

हे सगळं सोपं नव्हतं. संपात सैन्य घालू नका, असं बाई सांगत, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. १९३९ मध्ये काही विरोधकांनी त्यांना पदावरून काढायचा प्रस्ताव आणला, पण तो टिकला नाही. बेकारी पूर्ण हटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. शेतमजूर आणि घरकाम करणारी माणसं या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिली. त्यांत कृष्णवर्णीय लोक फार मोठ्या संख्येने होते. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांना अनेक वर्षं वाट बघावी लागली. सर्वांसाठी आरोग्य विमाही बाईंच्या यादीत होता. तो झालाच नाही.

१९४५ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्या शिकवत होत्या. १४ मे १९६५ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. वॉशिंग्टनमधल्या कामगार खात्याच्या इमारतीला आज त्यांचं नाव आहे.

जाता जाता आपल्या जवळची एक गोष्ट. पर्किन्सबाईंनी कोलंबिया विद्यापीठ सोडल्यावर तीन वर्षांनी, १९१३ साली, तिथे एक भारतीय विद्यार्थी शिकायला आला. त्यांचं नाव भीमराव आंबेडकर. १९४२ मध्ये बाबासाहेब भारतातल्या ब्रिटिश सरकारात कामगार खात्याचे प्रमुख झाले. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारं विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडलं. देश वेगळे होते, पण प्रश्न तोच होता : माणसाला काम तर हवंच, पण ते माणसासारखं जगू देणारं हवं.

शब्दार्थ

राबणे – खूप कष्ट करणे
महामंदी – धंदे बंद पडून बेकारी वाढण्याचा मोठा काळ
हातावर पोट असणे – रोज कमावल्याशिवाय जेवण न मिळणे
किमान वेतन – कायद्याने ठरवलेला कमीत कमी पगार
भत्ता – मदत म्हणून मिळणारी ठरावीक रक्कम

विचार करा आणि लिहा

१. कुलूप हा अपघात नव्हता, असं धड्यात का म्हटलं आहे?
२. पगार कापल्याने मंदी कशी वाढते? स्वतःचं उदाहरण द्या.
३. १९३८ च्या कायद्यात कोण राहून गेलं? तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं?
४. आजी-आजोबांना विचारा : महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लोकांना कोणती कामं मिळाली? त्यांनी सांगितलेलं पाच-सहा वाक्यांत लिहा.