फातमा बेगम: देशातल्या पहिल्या महिला दिग्दर्शकाची कहाणी

मुरूडचा जंजिरा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण त्या किल्ल्याच्या सिद्दी घराण्याचं नाव हिंदुस्थानी सिनेमाच्या इतिहासाशीही जोडलेलं आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

या घराण्याची एक शाखा १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क सोडून सुरतजवळच्या सचिन संस्थानात गेली. पुढे याच शाखेतले नवाब सिदी इब्राहिम मुहम्मद याकूत खान (तिसरे) यांच्याशी फातमा बेगम यांचं नाव जोडलं गेलं. त्यांचा निकाह झाला होता, असं सांगितलं जातं. पण त्याचा करार कुठे नोंदलेला नाही. सुल्ताना, जुबेदा आणि शहजादी या तीन मुलींना नवाबांनी आपल्या म्हणून मान्यता दिल्याचीही नोंद नाही. कागद नसला की हक्क नसतो. तिन्ही मुलींना फातमा बेगम यांनीच मोठं केलं.

त्यांचा जन्म १८९२ चा, उर्दू रंगभूमीवर त्यांनी कामं केली होती. १९२२ मध्ये ‘वीर अभिमन्यू’ या मूकपटातून त्या पडद्यावर आल्या. तो काळ कसा होता? १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं. सिनेमात काम करणाऱ्या बाईला घरंदाज समजत नसत. अशा वेळी फातमा बेगम स्वतः तर आल्याच, तिन्ही मुलींनाही त्यांनी याच क्षेत्रात आणलं. कोहिनूर आणि इम्पिरियल या मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत त्यांनी कामं केली.

पण दुसऱ्याच्या कंपनीत नोकरी करण्यावर त्या थांबल्या नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी ‘फातमा फिल्म्स’ ही स्वतःची कंपनी काढली. दोन वर्षांनी तिचं नाव ‘व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स’ झालं. त्याच १९२६ साली त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला आणि त्या देशातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक ठरल्या. हा पऱ्यांच्या दुनियेचा सिनेमा होता, त्यात ट्रिक फोटोग्राफी भरपूर होती. आजच्यासारखा कॉम्प्युटर नव्हता. अशी करामत कॅमेऱ्यातच करावी लागे, एकच फिल्म दोनदा फिरवून एका चित्रावर दुसरं उमटवावं लागे.

नंतरच्या तीन वर्षांत ‘हीर रांझा’, ‘चंद्रावली’, ‘कनकतारा’, ‘शकुंतला’ असे त्यांचे आणखी चित्रपट आले. यातल्या कितीतरी गोष्टींच्या मध्यभागी बाई आहे. १९२९ च्या ‘शकुंतला’चंच बघा. राजाने विसरलेली पत्नी आणि बापाच्या ओळखीची वाट बघणारं मूल, अशी ही कथा. तीन मुलींच्या या आईला ती परकी वाटली नसणार.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा देशातला पहिला बोलपट लागला. त्याची नायिका होती जुबेदा, फातमा बेगम यांची लेक. स्वतः फातमा बेगम यांनी १९३० च्या दशकाअखेरीपर्यंत काम केलं आणि १९८३ मध्ये ९१ व्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला.

आज ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची एकही प्रत शिल्लक नाही. तेव्हाची फिल्म लवकर पेट घ्यायची, सांभाळली नाही तर कुजायची. देशातले बहुतेक मूकपट असेच गेले. ज्या बाईला निकाहाचा कागद दाखवता आला नाही, तिच्या कामाचा पुरावाही राहिला नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरून मुंबईला कामाला गेलेली आपली घरं खूप आहेत. तिथल्या जुन्या पेट्यांत सिनेमाचे फोटो, जाहिराती, पुस्तिका सापडल्या तर रद्दीत टाकू नका. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच कामासाठी आहे. आणि सिनेमा शिकायचा हट्ट धरणारी मुलगी घरात असेल, तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच समाजातल्या एका आईने ही वाट पाडली होती, हे तिला जरूर सांगा.