27 चा 1/3 वा घात आणि खानदेशातला मठ: कोण होते भास्कराचार्य?

शाळेत घातांकांचा धडा आला की भल्याभल्यांना घाम फुटतो. त्यात घातांक अपूर्णांक असेल तर विषयच संपला. खरंतर 27 चा 1/3 वा घात म्हणजे 27 चं घनमूळ. ज्या संख्येचा घन 27 येतो ती संख्या, म्हणजे 3.

असली गणितं साडेआठशे वर्षांपूर्वी सोडवणाऱ्या माणसाचा धागा थेट आपल्या खानदेशात येतो. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

जन्म 1114 चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग.

'बीजगणित'मधलं एक उदाहरण बघा. एका संख्येच्या 12 पटीत तिचा घन मिळवला, तर उत्तर तिच्या वर्गाच्या 6 पटीत 35 मिळवल्याइतकं येतं. संख्या कोणती?

क्ष³ + 12क्ष = 6क्ष² + 35

दोन्ही बाजूंतून 6क्ष² आणि 8 वजा करा.

क्ष³ − 6क्ष² + 12क्ष − 8 = 27
म्हणजेच (क्ष − 2)³ = 27

आता दोन्ही बाजूंचा 1/3 वा घात घ्या. क्ष − 2 = 3, म्हणून क्ष = 5. ताळा करा, दोन्हीकडे 185 येतात.

सगळी मेख त्या 8 मध्ये आहे. तो वजा केला की डावीकडे पूर्ण घन तयार होतो. अशा समीकरणांना ठरावीक नियम पुरत नाही, डोकं चालवावं लागतं, हेही भास्कराचार्यांनी सांगून ठेवलंय. 1/3 असा घातांक लिहायची पद्धत मात्र त्यांची नाही, ती युरोपात सतराव्या शतकात रुळली. ते घनमूळच म्हणायचे, आणि 'क्ष'ला म्हणायचे यावत्तावत्.

1183 मध्ये, जवळपास सत्तरीत, त्यांनी 'करणकुतूहल' हा आणखी एक ग्रंथ लिहिला.

मग खानदेशचा संबंध काय? त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. शके 1128 चा तिथला शिलालेख हे सांगतो. त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे, आणि त्यात मठाच्या खर्चाची सोय लिहिलीय. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर मठाला दिला होता.

म्हणजे पाटणच्या बाजारात कुणी काही विकत घेतलं, की त्यातला वाटा गणित शिकणाऱ्या पोरांना मिळायचा. आठशे वर्षांपूर्वी. खानदेशात.