हरि नारायण आपटे : इतिहासातील रहस्य आणि कर्तृत्ववान स्त्री

मराठी कादंबरीच्या वाटचालीत हरि नारायण आपटे यांचे स्थान वास्तववादी सामाजिक कादंबरीचे जनक म्हणून निश्चित झालेले आहे. या निश्चितीमुळे त्यांच्या कर्तृत्वाची एक बाजू मात्र काहीशी झाकोळली गेली. पुढे काय झाले असेल, हे कोणी केले असेल, हा मनुष्य खरोखर कोण असेल, अशा प्रश्नांत वाचकाला आठवड्यामागून आठवडा गुंतवून ठेवणारे हरिभाऊ हे मराठीतील पहिले समर्थ कथाकार होत. हे गुंतवणे त्यांनी बहुधा इतिहासाच्या पटावर साधले, आणि त्या पटावरील रहस्याची किल्ली पुष्कळदा एखाद्या स्त्रीच्या हाती दिली. या दृष्टीने त्यांचे चरित्र पाहिले असता त्यांच्या सामाजिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये मानली जाणारी दरी पुष्कळशी बुजते.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. हे वर्ष योगायोगाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने द फीमेल डिटेक्टिव्ह हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि गुन्ह्याचा स्वतंत्र बुद्धीने शोध घेणारी स्त्री इंग्रजी कथेत व्यवसायानिशी अवतरली. मराठीत त्या वेळी कादंबरीचेच बाल्य होते. बाबा पदमनजींचे यमुनापर्यटन १८५७ मध्ये आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला १८६१ मध्ये निघाली होती. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची मोचनगड ही पहिली ऐतिहासिक कादंबरी यावयाची होती. मराठी कादंबरी आणि तिचा हा शिल्पकार जवळजवळ बरोबरीनेच वाढले.

हरिभाऊ लहान असतानाच त्यांची आई वारली. त्यांचे बालपण काही काळ मुंबईत गेले आणि नंतर आपटे कुटुंब पुण्यास आले. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. एकत्र कुटुंबाच्या या मोठ्या घरात सुना, लेकी, आश्रित विधवा आणि वडीलधाऱ्या बायका यांचे जे जग चालते, ते आईवेगळ्या मुलाने जवळून न्याहाळले. माजघरात कोणती गोष्ट उघड बोलली जाते, कोणती दडवली जाते आणि कोणती केवळ डोळ्यांनी सांगितली जाते, हे पुढे त्यांच्या लेखणीतून ज्या बारकाव्याने उतरले, त्याचे मूळ या निरीक्षणात असावे.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना विष्णुशास्त्री चिपळूणकर व गोपाळ गणेश आगरकर यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८८२ मध्ये चिपळूणकरांचे अकाली निधन झाले, तेव्हा या विद्यार्थ्याने शोकपर काव्य रचून आपली भक्ती प्रकट केली. आगरकरांवरही त्यांची तितकीच निष्ठा होती. परंतु हॅम्लेटचे विकारविलसित हे आगरकरकृत भाषांतर प्रसिद्ध होताच त्यांनी त्याची विस्तृत चिकित्सा केली. गुरूविषयीचा आदर आणि पुराव्याविषयीचा आग्रह ही दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. महाविद्यालयात गणिताने त्यांची वाट अडवली व पदवी हाती लागली नाही. मात्र स्कॉट, डिकन्स आणि जेन ऑस्टेन यांच्या जोडीने कालिदास व भवभूती यांचे त्यांनी केलेले वाचन कोणत्याही पदवीधरास हेवा वाटावा असे होते.

या वाचनात आणखी एक नाव होते आणि ते प्रतिष्ठित नव्हते. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्यप्रधान कादंबऱ्या त्या काळी भारतभर आवडीने वाचल्या जात; मराठी, बंगाली, हिंदी, उर्दू या भाषांत त्यांची भाषांतरे व रूपांतरे होत. स्वदेशातील टीकाकारांनी ज्याला कधी मान दिला नाही, त्या लेखकाने भारतीय वाचकाला मात्र कादंबरीची गोडी लावली. हरिभाऊंची पहिली कादंबरी मधली स्थिती ही १८८५ मध्ये पुणे वैभव या पत्रातून क्रमशः येऊ लागली, तीही रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक रहस्यकथेच्या आधाराने. परंतु आधार परका असला तरी हरिभाऊंनी त्यात रंगविले ते पुण्यातील नवशिक्षित आणि जुन्या वळणाचे लोक. रहस्यकथेचा सांगाडा घेऊन त्यात आपल्या समाजाचे रक्तमांस भरावयाचे, ही युक्ती त्यांना पहिल्याच प्रयत्नात सापडली.

याच सुमारास गोविंदराव कानिटकर व त्यांच्या पत्नी काशीबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. काशीबाई लग्नानंतर घरच्या विरोधाला तोंड देत लिहावयास-वाचावयास शिकल्या होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. हरिभाऊ आणि काशीबाई यांच्यात वाङ्मयविषयक पत्रव्यवहार चाले. परक्या स्त्रीशी पुरुषाने बरोबरीच्या नात्याने ग्रंथांविषयी बोलावे, ही गोष्ट त्या काळच्या पुण्यात साधी नव्हती. स्त्रीची बुद्धी स्वतंत्रपणे चालू शकते, हे हरिभाऊंना तत्त्व म्हणून सिद्ध करीत बसावे लागले नाही. ते त्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाचे होते.

१८९० मध्ये त्यांनी करमणूक हे साप्ताहिक काढले. केसरी व सुधारक यांच्या वादांनी पुणे दुमदुमत असताना, घरातील लहानथोरांनी एकत्र बसून वाचावे असे हे पत्र होते. उपदेश रंजनाच्या पोटात ठेवण्याचे त्याचे धोरण होते. त्याच काळात पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यास आले, आणि संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये समाज दुभंगला. अशा तापलेल्या हवेत करमणुकीच्या अंकांतून दोन कथा चालू होत्या. एक मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवर आधारलेली म्हैसूरचा वाघ, आणि दुसरी पण लक्षात कोण घेतो! एकीत इतिहास होता, दुसरीत माजघर. वाचक मात्र तेच होते आणि पुढच्या अंकाची उत्कंठाही तीच होती.

पण लक्षात कोण घेतो! ही यमुनेची आत्मकथा होय. बालपण, विवाह, पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन हा तिचा प्रवास सुपरिचित आहे. या कथनाची रीत मात्र अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावी अशी आहे. यमुना केवळ रडत नाही. ती आठवते, जुळवते, कोण कधी काय बोलले व त्यामागे कोणाचा हेतू होता याचा छडा लावते. शंकरमामंजींसारख्या ढोंगी माणसाच्या धर्मनिष्ठ वेषाआड काय दडले आहे, ते एकेक प्रसंग मांडून ती वाचकापुढे उघड करते. गुन्हा घडलेला आहे, परंतु तो रूढीने केलेला असल्यामुळे त्याची फिर्याद कोठेही नोंदविली जात नाही. या गुन्ह्याचा शोध घेणारी आणि त्याला बळी पडलेली व्यक्ती एकच आहे. कादंबरीचे नाव हाच अखेर न्यायासनापुढे केलेला प्रश्न ठरतो.

त्यानंतरच्या मी या कादंबरीत भावानंदाच्या समाजसेवेच्या ध्येयाइतकीच त्याच्या बहिणीची, ताईची, व्यक्तिरेखा महत्त्वाची आहे. दुर्वर्तनी पतीच्या घरातून बाहेर पडून स्वतःच्या बुद्धीवर जगू पाहणारी ही स्त्री मराठी कादंबरीत नवी होती. १८९० च्या दशकातील वाचकाला ती पचविणे सोपे नव्हते. पण ती साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने घरात आली, ओळखीची झाली आणि मग तिला नाकारणे कठीण झाले.

ऐतिहासिक कादंबरीत हरिभाऊंना अधिक मोकळे अंगण मिळाले. उषःकाल, सूर्योदय, सूर्यग्रहण ही नावेच मालिकेची जाणीव देतात. गड आला पण सिंह गेला आणि केवळ स्वराज्यासाठी यांनी हा मराठेशाहीचा पट आणखी विस्तारला. उषःकालात सुलतानगडाचे रंगराव अप्पा विजापूरच्या दरबाराशी एकनिष्ठ, तर पुत्र नानासाहेब शिवाजीच्या नव्या उद्योगाकडे ओढलेला. या पितापुत्रांच्या संघर्षाभोवती हरिभाऊंनी गुप्त भेटी, वेषांतरे, अपहरणे यांची वीण घातली आणि सावळ्यासारख्या चलाख पोराकडून हेरगिरी करविली. इतिहासाचा शेवट वाचकाला ठाऊक असतो. म्हणून उत्कंठा इतिहासात नव्हे, तर त्याच्या आडोशाला राहणाऱ्या माणसांच्या नशिबात ठेवावी लागते. हे तंत्र त्यांनी स्कॉटकडून घेतले, आणि साप्ताहिकाच्या हप्त्यांनी ते धारदार केले.

या मालिकेबाहेरच्या चंद्रगुप्त आणि वज्राघात या दोन कादंबऱ्यांत रहस्य व स्त्री यांचे नाते सर्वांत घट्ट झाले. चंद्रगुप्तामागे विशाखदत्ताचे मुद्राराक्षस उभे आहे. त्या नाटकात जवळजवळ सारे राजकारण पुरुषांचे, हेरांचे आणि मुद्रांचे आहे. हरिभाऊंनी त्याच्या केंद्राजवळ मुरादेवीला आणून बसविले. खोट्या आरोपाने अपमानित झालेली ही राणी वर्षानुवर्षे सूड मनात जपते. चाणक्य तिच्या सूडाचा उपयोग करून घेतो. अंतःपुरातील दासीदेखील त्याच्या हेरजाळ्याचा दुवा बनते. परंतु कार्य सिद्धीस जाण्याच्या क्षणी मुरादेवीचे मन उलटते. राजनीतीला सर्व काही कळते, फक्त स्त्रीच्या मनातील हा शेवटचा कोपरा कळत नाही. चाणक्याच्या निर्दोष गणितातील ही एकच अनपेक्षित संख्या कादंबरीला शोकात्म उंचीवर नेते.

वज्राघात १५६५ मध्ये झालेल्या विजयनगरच्या पाडावाची कथा सांगते. रामराजा, त्याने दूर लोटलेली मेहर्जान आणि त्यांचा पुत्र रणमस्तखान अशी तिची रचना आहे. पुत्राला आपला पिता कोण हे ठाऊक नाही. ते ठाऊक आहे केवळ आईला. साम्राज्याचा विनाश आणि एका स्त्रीने ओठांआड ठेवलेले सत्य यांचा येथे एकमेकांवर आघात होतो. ज्या स्त्रीला इतिहासाने नावही दिले नाही, तिच्याकडे इतिहासाचे कारण सोपविण्याचे हे धाडस होय.

या कादंबऱ्यांना दोष लावले गेले आहेत आणि ते सारेच निराधार नाहीत. आठवड्याच्या अंकासाठी लिहिताना पाल्हाळ वाढला. योगायोगांवर भार पडला. आजच, मायेचा बाजार यांसारख्या कृती अपुऱ्या राहिल्या. ऐतिहासिक कादंबऱ्यांतील स्त्रियांपैकी काही केवळ संकटात सापडण्यासाठी आणि सोडविल्या जाण्यासाठीच आहेत. सती जाण्यास निघालेली व उदयभानूच्या हाती पडलेली कमलकुमारी ही सिंहगडाच्या लढाईला निमित्त पुरविते, त्याहून अधिक तिच्या वाट्याला फारसे येत नाही. हरिभाऊंची स्त्री रहस्य जाणते, ते पेलते, कधी उलगडतेही. परंतु उलगडा करून विजयी झालेली व पुढल्या शोधासाठी सिद्ध असलेली स्त्री त्यांना रंगविता आली नाही. ज्या समाजात यमुनेला स्वतःचे केस राखता येत नव्हते, त्या समाजाचे प्रामाणिक चित्र काढणाऱ्या लेखकाला हा विजय खोटा वाटला असावा. त्यांच्या कल्पनाशक्तीची ती मर्यादा असेल. पण तीत त्यांच्या वास्तवनिष्ठेचा वाटाही मोठा आहे.

कादंबरीकाराचे हे जीवन केवळ लेखणीपुरते नव्हते. संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी चुलत्यांनी पुण्यात स्थापिलेल्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापन हरिभाऊंनी दीर्घकाळ सांभाळले. एकीकडे शास्त्रग्रंथांच्या पोथ्या आणि दुसरीकडे दर आठवड्याला छापखान्याकडे जाणारी कादंबरीची प्रकरणे, असा त्यांचा दुहेरी संसार होता. न्यायमूर्ती रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विचारांचे ते अनुयायी होते. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि तिचे अध्यक्षपदही भूषविले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुंबई विद्यापीठात त्यांनी मराठी भाषा व वाङ्मय यांवर विल्सन व्याख्याने दिली. पदवी न मिळालेल्या लेखकाला विद्यापीठाने दिलेला हा मान त्या काळी लहान नव्हता.

करमणूक १९१७ मध्ये बंद पडले. सुमारे सत्तावीस वर्षे चाललेल्या या पत्राने मराठी घरांना कादंबरी क्रमशः वाचण्याची सवय लावली होती. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले. वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा पाच दिवस उरले होते.

त्यांच्या मागून नाथमाधवांनी स्वराज्याची कादंबरीमाला लिहिली, गो. ना. दातारांनी रहस्यकादंबरीला स्वतंत्र वाट करून दिली आणि बाबूराव अर्नाळकरांनी ती वाट रहदारीची केली. पुढे इतिहासाच्या पार्श्वभूमीवर स्वतंत्र बाण्याच्या स्त्रीने गुन्ह्याचा छडा लावावा, अशा कादंबरीमाला जगातील अनेक भाषांत लोकप्रिय झाल्या. त्या वाचताना मिळणारा आनंद दुहेरी असतो: गतकाळ जिवंत होतो आणि त्या काळाने जिला गप्प बसविले होते, तिला बोलण्याचा व ठरविण्याचा अधिकार मिळतो. हरिभाऊंच्या वाचकाला यांपैकी पहिला आनंद भरपूर मिळाला. दुसऱ्याची मात्र केवळ हुरहूर लागली, आणि ती हुरहूर लावणे हेच त्यांच्या लेखणीचे कार्य होते. मुरादेवी, मेहर्जान आणि यमुना या तिघींना सत्य माहीत होते. ते ऐकून घेणारा समाज तेवढा तयार व्हावयाचा होता. आणि दर आठवड्याला एकेक प्रकरण पुढे ठेवून हरिभाऊ तो तयार करीत राहिले.