तात्सिओ नुवोलारी : मान्तोव्हाचा सारथी

उत्तर इटलीत मान्तोव्हा शहराजवळ कास्तेल द'आरिओ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १६ नोव्हेंबर १८९२ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी तात्सिओ नुवोलारीचा जन्म झाला. घरचे लोक जमीन कसणारे. पण काका ज्युसेप्पे हे सायकलपटू आणि पुढे बिआंकी कंपनीच्या मोटारसायकलींचे विक्रेते. पुतण्याला यंत्रांचे वेड लागले ते या काकांमुळे. पहिल्या महायुद्धात तात्सिओ सैन्यात चालक होता. युद्ध संपल्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९२० साली तो पहिल्या मोटारसायकल शर्यतीत उतरला. ज्या वयात पुष्कळ खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात याची सुरुवात!

आपल्या वार्षिकांकात चरित्र म्हटले की ते बहुधा संतांचे, समाजसुधारकांचे किंवा क्रांतिकारकांचे असते. मोटारी पळवणाऱ्या माणसाचे चरित्र कशाला, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. वाटो. नुवोलारी म्हणजे मृत्यूशी खेळणारा एक वेडा, अशी त्याची कीर्ती आहे. मला ती अर्धीच खरी वाटते आणि तेच येथे मांडायचे आहे. त्यासाठी त्याच्या काळची गाडी कशी होती ते आधी पाहिले पाहिजे.

गिअर बदलणे म्हणजे वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन दातेरी भाग एकमेकांत बसवणे. गती जुळली तर ते अलगद बसतात. नाही जुळली तर करकरतात, आणि फारच चुकले तर दातांचे तुकडे उडतात. आजच्या गाडीत ही गती जुळवायला सिंक्रोनायझर नावाची कडी असते. ती आधी घासून दोघांना एका गतीवर आणते आणि मगच दात भिडू देते. अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ साली ही सोय प्रथम आणली. नुवोलारीच्या शर्यतीच्या गाड्यांत ती नव्हती. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे आणि तिसऱ्याचे गुणोत्तर दीड आहे. म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा २००० फेरे फिरतो. दुसऱ्याचे गुणोत्तर दोन असेल, तर त्याच वेगाला इंजिनाचे ४००० फेरे हवेत. हे वरचे हजार फेरे कोण देणार? चालकाचा पाय! क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, रेसचा एक झटका द्यायचा, आणि इंजिन वर चढल्याबरोबर पुन्हा क्लच दाबून दुसरा टाकायचा. वरचा गिअर टाकताना उलटे. तेथे फेरे उतरेपर्यंत क्षणभर थांबावे लागते. घाई केली तरी करकर, उशीर केला तरी करकर.

आमच्याकडचे जुने ट्रकचालक यालाच डबल क्लच म्हणतात. माझे आजोबा ट्रकवर होते. घाट उतरताना गिअर रडला तर क्लीनरपुढे मान खाली घालावी लागे, असे ते सांगत. आजोबांना निदान सवड मिळे. शर्यतीच्या चालकाला वळणापाशी हे सारे ब्रेक दाबत असतानाच करावे लागे. उजवा पाय एकाच वेळी ब्रेकवर आणि ॲक्सिलरेटरवर, एक हात गिअरच्या दांड्यावर, आणि राहिलेल्या एका हातात ते प्रचंड स्टिअरिंग. त्या काळच्या बऱ्याच इटालियन गाड्यांत ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे असे, ही आणखी एक गंमत.

गिअरबॉक्सने नुवोलारीला एकदा चांगलाच धडा दिला. १९२५ साली अल्फा रोमिओने त्याची मोंझाच्या धावपट्टीवर चाचणी घेतली. धावता धावता गिअरबॉक्स जाम झाला, गाडी उलटली आणि त्याची पाठ सोलून निघाली. सहा दिवसांनी, अंगभर पट्ट्या बांधून, मेकॅनिकांनी उचलून मोटारसायकलवर बसवलेला नुवोलारी त्याच मोंझावर भर पावसात शर्यत जिंकला. वेडेपणाची कीर्ती पसरली ती अशा गोष्टींमुळे, आणि ती निराधार आहे असे कोण म्हणेल?

पुढची दहा वर्षे म्हणजे विजयांची रांगच. १९३० साली त्याने मिले मिलिया ही हजार मैलांची शर्यत जिंकली आणि तिच्या इतिहासात प्रथमच ताशी १०० किलोमीटरची सरासरी ओलांडली. १९३१ आणि १९३२ साली सिसिलीच्या डोंगरातील तार्गा फ्लोरिओ, आणि १९३३ साली रेमों सोमेरच्या जोडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत. कवी दान्नुन्झिओने १९३२ साली त्याला सोन्याचे कासव भेट दिले. सर्वांत वेगवान माणसाला सर्वांत मंद प्राणी! नुवोलारी पुढे ते चिन्ह नेहमी अंगावर बाळगू लागला.

माझ्या मुद्द्यासाठी मात्र १९३३ सालची अल्स्टरची शर्यत अधिक मोलाची. तेथे त्याला एम. जी. कंपनीची के ३ ही छोटी इंग्रजी गाडी मिळाली. तिचा गिअरबॉक्स अगदीच वेगळ्या जातीचा होता. पुढचा गिअर एका लहान दांडीने आधीच निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा पायाने पॅडल दाबायचे. बाकीचे काम आतले पट्टे करीत. ज्याच्या हातापायांत वर्षानुवर्षांची डबल क्लचची सवय मुरली आहे, त्याला अशी गाडी गोंधळात टाकणारच. नुवोलारीने थोड्याशा सरावात ती आत्मसात केली, फेरीचा विक्रम पुनःपुन्हा मोडला आणि शर्यत जिंकली. केवळ वेडा माणूस हे करू शकत नाही. त्यासाठी यंत्राचे म्हणणे ऐकणारा कान लागतो.

आता २८ जुलै १९३५. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग. एक फेरी सुमारे २३ किलोमीटरची, दीडशेहून अधिक वळणांची; अशा २२ फेऱ्या. समोर मर्सिडीजच्या आणि ऑटो युनियनच्या मिळून नऊ गाड्या, मागे नाझी सरकारचा पैसा. मर्सिडीजची शक्ती साडेतीनशे अश्वशक्तीच्या वर. नुवोलारीच्या जुन्या अल्फा रोमिओची सुमारे २६५. त्याचे स्वतःचे वय ४२. रस्ता ओला होता. निम्म्या शर्यतीपर्यंत तो पुढे सरकत पहिल्या क्रमांकापर्यंत आला. मग पेट्रोल भरण्यासाठी थांबला, तर पंप बिघडला. त्या काळच्या शर्यतीत ही आफतच. सव्वादोन मिनिटे वाया गेली आणि तो सहावा झाला.

सरळ रस्त्यावर ही गाडी जर्मनांना गाठू शकत नव्हती. जे मिळवायचे ते वळणांवर, ब्रेक किती उशिरा दाबायचा आणि गिअर किती बिनचूक पडतो यावर. तासन्‌तास, एकाही चुकीची मुभा नसताना! शेवटच्या फेरीच्या सुरुवातीला मर्सिडीजचा फॉन ब्राउचिच अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक पुढे होता. त्याचे टायर झिजत आले होते, पण मागून नुवोलारी येत असताना ते बदलायला थांबणार कसा? अखेर टायर फुटला. नुवोलारी जिंकला, आठ जर्मन गाड्या त्याच्या मागे. काही जण याला नशीब म्हणतात. ब्राउचिचला थांबण्याची फुरसत कोणी दिली नाही, हे ते सोयीने विसरतात.

या विजयाने नाझींचे नाक कापले, असे आवेशाने लिहिले जाते. ते खरे आहे. परंतु त्याच विजयाचा डांगोरा मुसोलिनीच्या राजवटीने पिटला हेही खरे. आणि १९३८ च्या आरंभी बर्न्ड रोझमायर अपघातात गेल्यावर नुवोलारी स्वतः ऑटो युनियनचा चालक झाला. त्यांच्या गाडीत त्याने त्याच वर्षी मोंझा आणि इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे शर्यती जिंकल्या. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ज्या दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी, तो बेलग्रेडला जिंकला. चांगली गाडी जेथे मिळेल तेथे तो गेला. मला हे खटकते. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ही बाजू झाकून ठेवू नये.

घरी मात्र दुःखच होते. थोरला मुलगा ज्योर्जिओ १९३७ साली, आईवडील शर्यतीसाठी अमेरिकेला निघाले असताना वारला. धाकटा अल्बेर्तो १९४६ साली गेला. दोघेही विशीच्या आत, म्हणजे आमच्याच वयाचे. त्यानंतरही नुवोलारी गाडी चालवीतच राहिला. वर्षानुवर्षे धूर ओढून फुप्फुसे खराब झाली होती, तरी १९४७ च्या मिले मिलियात छोट्या चिसितालिया गाडीत तो दुसरा आला. १० एप्रिल १९५० रोजी पालेर्मोजवळच्या घाटातील शर्यत ही त्याची शेवटची. तेथेही आपल्या गटात तो पहिला होता.

११ ऑगस्ट १९५३ रोजी मान्तोव्हा येथे त्याचे निधन झाले. हजारोंच्या गर्दीत त्याची शवपेटी मोटारीच्या सांगाड्यावर ठेवली होती आणि तो सांगाडा आस्कारी, व्हिल्लोरेसी आणि फांजिओ हे तिघे हातांनी ढकलीत होते. पुढच्या वर्षापासून मिले मिलियाचा मार्ग मान्तोव्हावरून नेण्यात आला आणि क्रेमोनापासून मान्तोव्हामार्गे ब्रेशापर्यंतच्या टप्प्यात सर्वांत वेगवान ठरणाऱ्या चालकाला नुवोलारीच्या नावाचे पारितोषिक ठेवले गेले. १९५५ साली ते इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसने मिळवले, मर्सिडीज गाडीतून.